जुन्या नावांची मुदत

पडद्यावरचे बटण दाबताच काही तरी घडावे, एवढी साधी अपेक्षा पुरी करण्यासाठी एके काळी वेब-प्रोग्रॅमरांना प्रत्येक ब्राउझरची निराळी मर्जी सांभाळावी लागे. जॉन रेसिग या अमेरिकन तरुणाने २००६ साली न्यूयॉर्कमध्ये ‘जेक्वेरी’ नावाची जी छोटीशी लायब्ररी लोकांपुढे ठेवली, तिने हा जाच पुष्कळ अंशी दूर केला. आणि ज्या लायब्ररीवर असंख्य परक्या माणसांचा कारभार विसंबू लागतो, तिच्या कर्त्यांना आपणच ठेवलेली नावे बदलण्याचा अधिकार कितपत उरतो, या प्रश्नाचे उत्तरही तिच्याच इतिहासात शोधावे, असे मला वाटते.

बटणाशी एखादी क्रिया जोडण्यासाठी आरंभी ‘बाइंड’ हे फंक्शन होते. पण पानावर मागाहून अवतरणाऱ्या बटणांना त्याचा उपयोग नसे. म्हणून २००९ साली १.३ या आवृत्तीत ‘लाइव्ह’ आले. वाड्यातील प्रत्येक खोलीशी माणूस न नेमता देवडीवर एकच पहारेकरी बसवावा, तशी त्याची योजना होती: क्लिक कोठेही होवो, आतल्या घटकाकडून बाहेरच्या घटकाकडे चढत चढत ते दस्तऐवजाच्या मुळाशी पोचले की तेथे त्याची दखल घेतली जाई. मात्र वाटेत कोणी ते अडविले तर ते मुळाशी पोचतच नसे. शिवाय, ‘लाइव्ह’ला हाक देण्यापूर्वी सगळे पान धुंडाळून घटक गोळा केले जात आणि त्यांचा काही उपयोग न करता ते टाकून दिले जात. पुढच्याच वर्षी ‘डेलिगेट’ने पहाऱ्याची जागा निवडण्याची मुभा दिली खरी, पण ‘बाइंड’ला घटनेचे, म्हणजे क्लिक वगैरेचे, नाव प्रथम लागे आणि ‘डेलिगेट’ला घटकांचा निर्देश प्रथम लागे. एका कामासाठी तीन नावे आणि दोन क्रम अशी अवस्था झाली.

नोव्हेंबर २०११ मधील १.७ या आवृत्तीने हा गुंता ‘ऑन’ या एकाच फंक्शनने सोडविला. आधी घटना, मग हवा असल्यास घटकांचा निर्देश, शेवटी करावयाची क्रिया. निर्देश गाळला तर ते ‘बाइंड’सारखे वागते, दिला तर ‘डेलिगेट’सारखे. तिन्ही वहिवाटींच्या मुळाशी असलेले एकच तत्त्व येथे प्रथम नीट ओळखले गेले, आणि नामांतराला परिष्काराची योग्यता येते ती अशा ओळखीमुळेच, असे माझे मत आहे. जुनी नावे त्या दिवशी पुसली गेली नाहीत. आतून ती ‘ऑन’लाच हाक देऊ लागली. ‘लाइव्ह’ कालबाह्य ठरल्याची इत्तला तेव्हाच दिली गेली, ते प्रत्यक्षात काढले गेले जानेवारी २०१३ मध्ये, १.९ या आवृत्तीत. आणि त्याबरोबर ‘मायग्रेट’ नावाचा एक पूरक भाग देण्यात आला, जो जुने नाव चालू ठेवी, पण त्याचा वापर झाला की कन्सोलवर ताकीद लिही.

याउलट, जेक्वेरीच्याच कर्त्यांनी त्याआधी मे २०११ मध्ये एक निराळा फेरफार केला होता. एचटीएमएलमध्ये लिहिलेला गुण आणि घटकाची चालू स्थिती, उदाहरणार्थ चेकबॉक्सवर या क्षणी खूण आहे की नाही, या दोन्ही गोष्टी ‘अ‍ॅट्र’ हे एकच फंक्शन पाही; १.६ मध्ये स्थितीसाठी ‘प्रॉप’ हे वेगळे फंक्शन करण्यात आले. विभागणी शास्त्रशुद्ध होती. परंतु ‘अ‍ॅट्र’चे वागणे एका रात्रीत पालटल्यामुळे चालता कोड अडखळू लागला, आणि नऊ दिवसांत १.६.१ काढून बरेचसे जुने वागणे परत आणावे लागले.

म्हणून आपल्याकडील जे तरुण आज लहान लायब्रऱ्या लिहीत आहेत, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, नाव बदलावेसे वाटले तर अवश्य बदला, पण जुन्या नावाची हाक नव्याकडे वळती करा, ताकिदीत नवे नाव स्पष्ट लिहा, आणि जुने नाव कोणत्या आवृत्तीत काढणार हे आधी जाहीर केल्याविना त्याला हात लावू नका.