गाळलेले पाणी, नदीचा गाळ
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



जैनाच्या घरी अनगळ पाणी वर्ज्य मानले गेले आहे. जाड, दुहेरी सुती गाळण्यातून पाणी गाळावे आणि गाळण्यावर उरलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत अलगद सोडावी, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. पाणी हे स्वतःच अप्काय जीव आहे, ही तिच्यामागील श्रद्धा होय. परंतु पाण्यात विरघळलेला धातू कोणतेही गाळणे अडवू शकत नाही.

जपानमधील जिंझू नदीचा इतिहास याची साक्ष देतो. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त व शिसे यांची मोठी खाण होती. जस्ताच्या खनिजासोबत कॅडमियम हा विषारी धातू निघतो. खाणीचे सांडपाणी नदीत जाई आणि नदीचे पाणी खाली तोयामाच्या मैदानातील भातखाचरांना मिळे. धातू बारीक गाळाला चिकटून खाचरांत साठला, तेथून भातात आणि भातातून माणसांत उतरला. मूत्रपिंडे बिघडत, हाडे ठिसूळ होत. साध्या खोकल्यानेही हाड मोडे. रुग्णांत बहुसंख्य उतारवयाच्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया होत्या. त्या 'इताइ, इताइ' म्हणजे 'दुखते, दुखते' असे विव्हळत. तेच त्या व्याधीचे नाव पडले.

सन १९६८ मध्ये जपान सरकारने कॅडमियमचा दोष मान्य केला. सन १९७२ मध्ये पीडितांनी वरिष्ठ न्यायालयातही दावा जिंकला आणि कारखान्याची पाहणी करण्याचा हक्क रहिवाशांनी मिळविला. मात्र दूषित शेतांची माती सुधारण्याचे काम सन २०१२ पर्यंत चालले. न्याय मिळाल्यानंतरही जमीन शुद्ध होण्यास चाळीस वर्षे लागली!

असे का व्हावे? शास्त्र सांगते की पुद्गलाचे पर्याय बदलतात, द्रव्य नष्ट होत नाही. रसायनशास्त्राचा अनुभवही तसाच आहे. सेंद्रिय घाण कालांतराने कुजून जाते. शिसे, पारा, क्रोमियम, कॅडमियम कुजत नाहीत. ते तळाच्या गाळात बसतात आणि पूर आला किंवा पाणी आम्लयुक्त झाले की पुन्हा वर येतात. म्हणूनच वरून निवळ दिसणारी नदी निर्दोष असेलच असे नाही.

हा प्रश्न केवळ खाणीचा नाही. कापडाच्या काही रंगांत क्रोमियम आणि तांबे असते. रंगशाळेच्या सांडपाण्यात चुना मिसळला असता यातील बराचसा धातू साक्याच्या रूपाने तळाशी बसतो. तो साका सुरक्षित जागी पुरला तरच त्या शुद्धीकरणाला अर्थ. रात्री नाल्यात सोडला तर सारे व्यर्थ. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याची गणना आहे. विष विकणारा दोषी, तर स्वस्त मालासाठी नदीत विष सोडू देणारा निर्दोष कसा?

व्यापारी माल घेताना विचारतो, 'रंग पक्का आहे ना?' त्याने आणखी एक प्रश्न विचारावा, 'सांडपाणी आणि साका कोठे जातो?' उत्तर समाधानकारक नसेल तर भाव कितीही उतरला तरी सौदा सोडावा. घरातील गाळणे माजघरात शोभते. अहिंसेचे गाळणे पेढीवरही असावे.

जय जिनेंद्र!