उघड्यावर निजणाऱ्यांच्या रक्षणाविषयीं किहीम येथील भाषण



या किहीम गांवांत नारळी-पोफळीच्या वाड्यांचे धनी पक्क्या घरांत पलंगावर निजतात. वाडीचा राखणदार, भाताचें खळें राखणारा गडी आणि आसपासच्या ठाकर-कातकरी वस्त्यांवरील कुटुंबें बहुधा भुईवरच अंग टाकितात. या लोकांसाठीं आम्ही आज आपणांपुढें उभे आहों.

नाग फणा काढून व घोणस फूत्कार करून पुष्कळदां सावध तरी करिते. मण्यार तसें करीत नाहीं. निळसर काळ्या अंगावर बारीक पांढरे पट्टे असलेली ही जात रात्रीं उंदीर, पाली व इतर साप यांच्या शोधांत फिरते आणि निजलेल्या मनुष्याच्या अंथरुणांत शिरते. तिचे दांत इतके लहान, कीं दंश कित्येकदां जाणवत नाहीं व खूणही दिसत नाहीं. आमचा जन्म कोर्टांत गेला. पण ना जखम ठेवणारा, ना साक्षीदार ठेवणारा असा आरोपी आम्हीं पाहिला नाहीं! पहांटे पोटांत कळ येते, पापण्या मिटूं लागतात, घोट गिळवत नाहीं, मग श्वास बंद पडतो. आणि घरचीं माणसें अपचन किंवा बाहेरची बाधा समजून मोलाची वेळ दवडितात. याच जिल्ह्यांत महाड येथें डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं असे रोगी तपासून त्यांजवर लेख प्रसिद्ध केले आहेत. भारतांत २००० ते २०१९ या काळांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बहुतेक खेड्यांतलीं.

उपाय मात्र स्वस्त आहे. भुईपासून उंच खाट, आणि तिजवर मच्छरदाणी. मच्छरदाणीची कड चोहोंकडून अंथरुणाखालीं खोंचलेली असावी. लोंबती राहिली तर ती डांसांपुरतीही उपयोगी नाहीं. जेथें खाटेस जागा नाहीं, तेथें चटईखालीं कड खोंचावी. नेपाळच्या तराईंत झालेल्या पाहणींत (२००७ सालीं प्रसिद्ध) मच्छरदाणींत निजणारांस दंशाचें भय पुष्कळ कमी आढळलें.

जमीनदार मंडळींस विनंति निराळी. पेंढ्याची उडवी, सोडणांचा ढीग व जळाऊ लाकडें गड्याच्या झोंपडीला लागून रचूं नयेत. उंदीर तेथें राहतात व सापही त्यांच्यामागें येतो. यास पैसा लागत नाहीं.

दंशाचा नुसता संशय आला तरी आवळपट्टी, चिरा, मांत्रिक यांत वेळ न घालवितां अंग हालूं न देतां रोग्यास अलिबागच्या जिल्हा रुग्णालयांत न्यावें. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर चालतें. तें देणें व श्वास चालविणें हें तेथेंच साधतें. रात्रीं बारा वाजतां गड्यापाशीं वाहन कोठून असणार? तें धन्यानें काढावें.

व्यापारी बंधूंनीं खाटा, मच्छरदाण्या व विजेऱ्या पावसाळ्यापूर्वीं द्याव्यात, म्हणजे आम्ही त्या वस्त्यांवर स्वतः नेऊन, बांधून दाखवून देऊं.