अमेरिकेत धंदा, पण कोणत्या व्हिसावर?

अमेरिकेत स्वतःचा धंदा थाटायला ‘ई-२’ व्हिसा सोयीचा. पण तो अमेरिकेशी करार केलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो, आणि भारत त्या यादीत नाही. म्हणून काहींनी पैसे भरून त्या यादीतल्या ग्रेनाडाचं नागरिकत्व घेतलं. त्यापायी भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, हे एजंट जरा हळू आवाजातच सांगतात! २०२२च्या अखेरीस झालेल्या अमेरिकी कायद्याने ती पळवाटही अरुंद केली. आता अशा विकत घेतलेल्या नागरिकत्वावर ‘ई-२’ हवा, तर आधी ग्रेनाडात सलग ३ वर्षं वास्तव्य हवं. उरतो ‘ईबी-५’ हा गुंतवणूकदारांचा व्हिसा. ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात ८ लाख डॉलर गुंतवायचे, एरवी साधारण साडेदहा लाख, शिवाय १० पूर्णवेळ नोकऱ्या. त्यात परदेशी पैसे पाठवण्यावर रिझर्व्ह बँकेची मर्यादा: माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. त्यामुळे पैसे पाठवायची तयारी काही वर्षं आधीच सुरू करावी लागते.