समुद्र किती कार्बन घेईल?

पुण्यातल्या वारज्यात पडलेला पाऊस मुठेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातो; तो घेऊन येणारे वारे मात्र अरबी समुद्रावरचे. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा जगातले समुद्र शोषतात, आणि हा पाव हिस्सा आपण कायमचा धरून चालतो. अरबी समुद्र हे गृहीत धरू देत नाही. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 1990च्या दशकात केलेली मोजमापे सांगतात की वर्षभराच्या हिशेबात हा समुद्र हवेतून घेतो त्याहून जास्त वायू हवेला देतो. आपला पाऊस आणणारे तेच नैर्ऋत्य मोसमी वारे ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर ढकलतात, खालचे गार पाणी वर येते आणि मृत जीव कुजून त्यात साठलेला कार्बन पृष्ठभागावर पोहोचतो.

मग यात माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारेल. हा उपसा कारखान्यांच्या आधीपासूनचा आहे, हे खरे. पण हवेतले कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दशलक्ष भागांत 280 वरून 420 च्या पुढे गेले आहे. जो समुद्र वायू देतो, त्याच्याही पाण्यात आपला कार्बन भरतोच आहे. वर पाणी तापते आहे. कोमट पाण्यात वायू कमी विरघळतो, शिवाय तापलेला हलका थर वर तरंगत राहतो आणि खालच्या पाण्यात सहज मिसळत नाही. आपल्या शेजारी पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिले की पश्चिम हिंदी महासागरातले वनस्पतीप्लवक सहा दशकांत 20 टक्क्यांपर्यंत घटले. खालची पोषकद्रव्ये वर येईनात, हे त्याचे कारण.

इथे एक रास्त शंका निघते: घुसळण मंदावली तर खालचा कार्बनही वर यायचा थांबेल, मग बरेच झाले की! अरबी समुद्रापुरते यात तथ्य आहे. पण जगाच्या समुद्रांत हीच घुसळण वरचा नवा कार्बन खोल नेते. ती मंदावली की वरचा थर लवकर भरतो. भरताना त्याची शोषणशक्तीही घटते, कारण विरघळलेला वायू पाण्यातले कार्बोनेट खर्च करतो. पृष्ठभागाचा सामू 8.2 वरून 8.1 वर आला तो त्यामुळेच. आकडा लहान दिसतो, पण आम्लता सुमारे 30 टक्क्यांनी वाढली आहे.

समुद्र आजही दर दशकाला आधीपेक्षा जास्तच कार्बन घेतो, हा आक्षेपही खरा आहे. हवेत वायू वाढला म्हणून तो जास्त घेतो. पाणी तापले नसते तर आणखी घेतला असता. 2023 मध्ये एल निनो होता. अशा वर्षी प्रशांत महासागरातून वायू कमी सुटतो आणि एकूण शोषण सहसा वाढते. तरी विक्रमी तापलेल्या समुद्रांनी, विशेषतः उत्तर अटलांटिकने, इतका कमी वायू घेतला की जगाचे शोषण अपेक्षेपेक्षा सुमारे 10 टक्के, म्हणजे जवळजवळ 1 अब्ज टन, कमी भरले.