आधी आचरण, मग आवाहन

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. रँडच्या गोऱ्या सोजिरांनी घरे धुंडाळली; त्या धाकाने लोक रोगी लपवू लागले. त्याच वर्षी हाफकिन यांनी मुंबईत सिद्ध केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि लोकमान्यांनी पुणे न सोडता प्लेग रुग्णालय उभारले. विश्वास असा संपादावा लागतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशीम जिल्ह्यातील देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी कोरोनाबाधित आढळले. अशा संकटात पोहरादेवी परिसरातील तांड्यांना केवळ सरकारी पत्रक पुरत नाही. लसीची माहिती गोरबोलीत, आधी स्वतः लस घेतलेल्या नायकाच्या तोंडून पोहोचावी. लसीनंतर ताप येऊ शकतो, हेही आधीच सांगावे. लपविलेले सत्य अफवांना बळ देते. स्वयंसेवकाने प्रथम आपला दंड पुढे करावा, नंतर बोलावे.