घरातला गप्प मुलगा



घरातला कर्ता पुरुष गेला की चाळिसाव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. मग पाहुणे परततात आणि पंधरा वर्षांचा मुलगा एकटा उरतो. आई रडेल म्हणून तो अब्बांचे नाव काढत नाही. मुलगा खचेल म्हणून आईही काढत नाही. या मौनालाच आपण सब्र समजतो.

पण पुत्र इब्राहीम यांच्या निधनाच्या वेळी खुद्द हजरत पैगंबरांच्या (स.) डोळ्यांतून अश्रू वाहिले. त्यांचे पितृछत्र जन्मापूर्वीच हरपले होते. ६ व्या वर्षी आई गेली, ८ व्या वर्षी आजोबा. तेव्हा चुलते अबू तालिब यांनी त्यांना आपल्या घरी नेले आणि व्यापाराच्या प्रवासातही सोबत घेतले, असे चरित्रकार सांगतात.

म्हणून चाचा-मामांनो, नुसती फी भरून थांबू नका. त्या मुलाला नमाजला, बाजाराला बरोबर न्या, त्याचे ऐका. आणि मुलांनो, आज जेवताना अब्बांची एखादी आठवण तुम्हीच काढा. आई रडेल, रडू द्या. त्यानंतर घर पुन्हा बोलू लागेल.