दुसऱ्या सत्राचे गणित आणि आपली मुले
(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



मी शाळेत गणित शिकवतो. तरी आज शाळेच्या गणिताविषयी बोलणार नाही. शाळा सोडून गेल्यावर जे गणित आपल्या मुलांच्या वाट्याला येते, त्याविषयी बोलणार आहे. बारावीच्या निकालाला आपण पेढे वाटतो. परंतु तोच मुलगा पहिल्या वर्षानंतर पुस्तके माळ्यावर टाकून दुकानात बसू लागतो, तेव्हा त्याची वार्ता कोणी छापत नाही. मुलगी असेल तर ‘झाले एवढे शिक्षण पुरे’ असे म्हणून तिचे नाव काढले जाते. या परतीच्या वाटेवर पुष्कळदा एकच विषय उभा असतो, तो म्हणजे दुसऱ्या सत्राचे गणित.

१९८३ साली आपल्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. शहराजवळ विळद घाटातही निघाले. त्यामुळे साध्या कुटुंबातील मुलाला एस.टी.ने जाऊन-येऊन इंजिनियर होणे शक्य झाले. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राला ‘इंजिनियरिंग मॅथेमॅटिक्स-२’ हा विषय होता. मुले त्याला ‘एम-टू’ म्हणतात. त्यात डिफरन्शियल समीकरणे, समाकलन म्हणजे इंटिग्रेशन, वक्ररेषांचे आलेख, गोल व शंकू, आणि शेवटी दुहेरी-तिहेरी समाकलन असे सहा भाग होते. अभ्यासक्रम बदलत राहतात. कलनशास्त्राचा पाया बदलत नाही.

हा विषय काय आहे, हे पालकांनीही समजून घेतले पाहिजे. पावसाळ्यात आपण वर्तमानपत्रात वाचतो की मुळा धरण अमुक टक्के भरले. धरणाची क्षमता २६ टी.एम.सी., आणि एक टी.एम.सी. म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. हे पाणी कोणी लिटरने मोजलेले नाही. धरणाचा तळ वेडावाकडा असतो, त्याला लांबी-रुंदी-उंचीचे सूत्र लागत नाही. म्हणून ठराविक उंचीवर पाणी किती क्षेत्रात पसरते ते पाहणीने काढतात, त्या क्षेत्राला थराच्या जाडीने गुणतात आणि सर्व थरांची बेरीज करतात. थर जितके पातळ, तितके उत्तर अचूक. समाकलन म्हणतात ते हेच.

विद्यार्थी मित्रांनो, एक हिशेब घरी करून पाहा. क्ष-वर्ग या वक्राखालचे शून्य ते एकपर्यंतचे क्षेत्र काढायचे आहे. त्याचे १० पट्टे केले तर १ ते १० यांच्या वर्गांची बेरीज ३८५, तिला १,००० ने भागून ०.३८५ येते. १०० पट्टे केले तर ०.३३८३५ येते. १,००० पट्टे केले तर ०.३३३८ च्या आसपास. उत्तर एक-तृतीयांशाकडे सरकत चालले आहे, हे तुमच्या डोळ्यांना दिसेल. मग पुस्तकातले सूत्र पाठ करावे लागणार नाही, ते ओळखीचे वाटेल.

ही विद्या परक्यांची आहे, आपल्याला झेपणारी नाही, असेही कोणी मानू नये. बसऱ्याला जन्मलेल्या व कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी वक्र फिरवून होणाऱ्या घनाकृतीचे घनफळ काढण्यासाठी चौथ्या घातांच्या बेरजेचा नियम शोधला. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी गोलाचे पृष्ठफळ पट्टे पाडून समजावले. न्यूटन आणि लाइब्निझ यांनी सतराव्या शतकात त्याचे पूर्ण शास्त्र केले. उर्दूत समाकलनाला ‘तकम्मुल’ असा सुंदर शब्द आहे, म्हणजे तुकडे जोडून पूर्ण करणे.

मग मुले अडतात कोठे? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण भाषेचे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आकडा अडवत नाही, इंग्रजी वाक्य अडवते. ‘बदलाचा दर फरकाच्या प्रमाणात आहे’ हे त्याला कळते. तेच इंग्रजीत आले की पेन थांबते. उदाहरण चहाचे घ्या. खोलीचे तापमान ३० अंश, चहा ९० अंश. पाच मिनिटांत तो ७० वर आला, म्हणून पुढच्या पाच मिनिटांत ५० वर येईल असे नव्हे. फरक ६० चा ४० झाला, म्हणजे दोन-तृतीयांश उरला. आता ४० चा सुमारे २७ होईल आणि चहा ५७ अंशांवर राहील. डिफरन्शियल समीकरण एवढेच सांगते. प्रत्येक उदाहरण आधी स्वतःच्या भाषेत एका ओळीत लिहा, मग सोडवा.

दुसरे कारण सवयीचे. सी.ई.टी.मध्ये चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. दिलेल्या उत्तरांचे अवकलन करून समाकलनाचे उत्तर ओळखता येते. महाविद्यालयाच्या लेखी पेपरात पर्याय नसतात. तेथे पायरीला गुण असतात. ज्याचा हात लिहिण्याचा सुटला, तो तेथे अडतो. रोज दोन उदाहरणे, पाहून नव्हे, वही मिटून, शेवटच्या पायरीपर्यंत लिहावीत.

तिसरे कारण वेळेचे. सत्र चारेक महिन्यांचे. बारावीचे समाकलन कच्चे राहिले असेल तर ते भरून काढण्यास पहिले दोन आठवडेच मिळतात. शिवाय २०२४ व २०२५ साली रमजान मार्चमध्ये, म्हणजे सत्राच्या ऐन मध्यावर आला. सहरीनंतरचा शांत तास या विषयाला द्यावा. दुपारच्या थकव्यावर तो सोपवू नये.

पालक बंधू-भगिनींनो, आता आपल्याला दोन शब्द. मुलाला एखाद्या विषयात ए.टी.के.टी. लागली, तर तो नापास होऊन घरी बसला असा अर्थ नाही. नियमात बसेल तितके विषय राखून पुढच्या वर्गात जाता येते व तो विषय पुन्हा देता येतो. अशा वेळी चार लोकांत त्याची तुलना करू नका. आणि जी सवलत मुलाला देता, तीच मुलीलाही द्या. मुलाला दुसरी संधी आणि मुलीला लग्नाचे स्थळ, हा न्याय नव्हे. जिने बारावीचे गणित पार केले, तिला आणखी सहा महिने देणे फार मोठी गोष्ट नाही.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र सूचना आहे. जानेवारी ते मे या काळात शाळेची एक खोली सायंकाळी दोन तास उघडी ठेवावी. फळा, खडू आणि दिवा एवढेच पुरे. आपल्या वस्तीत एम-टू उत्तीर्ण झालेली मुले-मुली आहेत. त्यांनी आठवड्यातून एक दिवस द्यावा. मुलींना परतताना सोबत असावी म्हणून पालकांनी पाळी लावून घ्यावी. शिकवणीला हजारो रुपये मोजणे सर्वांना परवडत नाही, परंतु ही खोली आपल्याला निश्चित परवडेल. ज्यांना शिकवावयाचे आहे व ज्यांना शिकावयाचे आहे, त्यांनी आजच कार्यालयात आपली नावे द्यावीत, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.